डाव्या डोळ्याची मीरा

अलकनंदाबाई मोघे बालाघाटच्या सरकारी इस्पितळात एक्स-रे काढत. फोटो संगणकावर दिसायला लागण्याआधीचा सगळा काळ त्यांनी पाहिला होता. फिल्म धुवायची अंधारी खोली, तिथला मिणमिणता लाल दिवा, आणि पाण्यातून हळूहळू वर येणारी कुणाची तरी बरगडी. खोलीत शिरल्यावर आधी नुसतं उभं राहायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि मगच हात चालवायचा, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरी लाइट गेली तरी त्या मेणबत्ती शोधायला धावत नसत. जिथे असत तिथे थांबत. थोड्या वेळाने त्यांना दिसायला लागे.

त्यांचे यजमान गुणाकरराव नायब तहसीलदार होते. लांजी, खैरलांजी अशा बदल्या घेत घेत निवृत्त झाले आणि बालाघाटच्या बूढी भागातल्या आपल्या घरात येऊन बसले. मुलगी ज्योत्स्ना लग्न होऊन मलाजखंडला गेली होती. घरात दोघंच. घराला सपाट छत होतं, आणि छताच्या दक्षिणेला धानाचे बांध सुरू व्हायचे, त्यामुळे त्या बाजूला अजून तरी अंधार होता.

अलकनंदाबाईंना आकाशाचं वेड वगैरे नव्हतं. नोकरीची थोडी वर्षं उरली असताना हिरालाल बिसेन नावाच्या विज्ञानशिक्षकांनी एका शाळेच्या मैदानावर तारे दाखवायचा कार्यक्रम ठेवला होता. इस्पितळातल्या मैत्रिणींबरोबर त्या गेल्या. बिसेनसरांनी गुरू दाखवला, कृत्तिका दाखवल्या, मग तिमिंगल नावाच्या एका पसरट तारकासमूहाकडे बोट करून ते म्हणाले, "यहाँ एक तारा आहे मॅडम, पण आता नाही दिसणार. जानेवारीत या, मग पाहा."

नसलेला तारा दाखवणारा माणूस अलकनंदाबाईंना जरा विचित्र वाटला. पण जागा त्यांनी ध्यानात ठेवली. जानेवारीत एका संध्याकाळी वाळत घातलेले पापड काढायला त्या छतावर गेल्या आणि सहज तिकडे पाहिलं. तिथे एक तांबूस तारा होता. आजूबाजूच्या ताऱ्यांइतकाच ठसठशीत, जणू कायमचा तिथलाच. त्या पापडांचं ताट हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली गुणाकरराव हाका मारत होते ते त्यांना ऐकू आलं नाही.

त्या ताऱ्याचं नाव मीरा. नवलाची, असा त्या परक्या नावाचा अर्थ. रूपविकारी तारा म्हणतात त्यातला तो प्रकार, म्हणजे तेज सतत बदलत राहणारा. हा म्हातारा, प्रचंड मोठा तारा फुगतो आणि आकसतो, आणि त्याबरोबर त्याचं तेज चढतं आणि उतरतं. एका चढउताराला साधारण अकरा महिने लागतात. उतरला की नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. शिवाय तो एकटा नाही. त्याला एक लहान, पांढरा, तापलेला सोबती आहे, आणि दोघं एकमेकांभोवती फिरतात. मोठ्या ताऱ्यातून सुटलेला वायू तो लहानगा स्वतःकडे ओढून घेतो. पण साध्या दुर्बिणीतून दोघं वेगळे दिसत नाहीत. अलकनंदाबाईंनी तो सोबती कधीच पाहिला नाही, आणि पाहायला मिळेल अशी अपेक्षाही ठेवली नाही.

बिसेनसरांनी त्यांना पद्धत शिकवली. मीराच्या जवळपासचे दोन तारे घ्यायचे, एक मीराहून जरा तेजस्वी, एक जरा मंद. दोघांचं माप आधीच ठरलेलं असतं. मीरा त्या दोघांच्या मधे कुठे बसते ते डोळ्यांनी ठरवायचं आणि आकडा कळवायचा. तेजाच्या या मापाला प्रत म्हणतात, आणि त्यात आकडा लहान तितका तारा तेजस्वी. करड्या रंगाच्या छटा तोलण्यात उभी नोकरी गेलेल्या बाईला हे काम पटकन जमलं. सर बदलून जबलपूरकडे गेले, तरी अलकनंदाबाईंनी सोडलं नाही. अशा ताऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या हौशी लोकांचा एक गट होता, त्यात त्यांनी नाव घातलं. आकडे इंटरनेटवरून जात. गटाचं काम पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करणारी वल्लरी नावाची मुलगी बघायची. ती मूळची नागपूरची. पहिल्या वर्षी ती 'मॅडम' म्हणायची, दुसऱ्या वर्षापासून 'काकू' म्हणायला लागली.

मीरा भरात येण्याची वेळ दर वर्षी महिनाभर आधी सरकते. त्यामुळे मधे काही वर्षं अशी येतात की ती ऐन भरात असते आणि नेमकी तेव्हाच सूर्याच्या बाजूला गेलेली असते. उजेडात कुणालाच दिसत नाही. अलकनंदाबाई निवृत्त झाल्या आणि नेमकी तीच वर्षं लागली. आता वेळच वेळ होता, पण मीरा रात्री आकाशात असताना त्यांच्या लहान दुर्बिणीतही मंद दिसायची आणि चढणीला लागली की मावळून जायची. गुणाकरराव म्हणाले, "दुसरा एखादा तारा घे ना. आकाशात काय तुटवडा आहे का?" त्या दर हिवाळ्यात वर जात राहिल्या.

मग एकदाचा तो फेब्रुवारी आला. संध्याकाळी जेवणाआधी मीरा पश्चिमेला स्पष्ट दिसत होती आणि दर आठवड्याला वाढत होती. वैनगंगेवरून येणारं धुकं संपलं होतं. महिनाअखेरीस एका संध्याकाळी गुणाकरराव चहाचा कप घेऊन वर आले.

"कशी आहे आज?"

"त्या पांढऱ्या ताऱ्याच्या पुढे गेली," अलकनंदाबाई म्हणाल्या.

"म्हणजे चांगलं का?"

"चांगलं-वाईट काही नसतं त्यात. पण इतकी मी कधी पाहिली नव्हती."

गुणाकररावांनी त्या दिशेला पाहिलं, मान डोलावली आणि थंडी वाजते म्हणून खाली गेले. अलकनंदाबाईंनी आकडा पाठवला. तीनच्या अगदी जवळ. इतकी वर्षं थांबल्याचं चीज झालं, असं त्यांना वाटलं. त्या रात्री त्यांनी शिरा केला आणि कारण सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी वल्लरीचा फोन आला.

"काकू, एक विचारू? तुमच्याकडे हवा कशी होती? म्हणजे धुकं, धूर वगैरे?"

"धुराने तारा मंद दिसेल, वल्लरी. काय झालं?"

"तुमचे आकडे बाकीच्यांपेक्षा अर्ध्या प्रतीने उजळ येतायत. एखाद्या दिवशीचं असतं तर विचारलं नसतं. सगळेच तसे आहेत."

"बाकीचे म्हणजे किती?"

"बरेच आहेत. जपानमधले आहेत, ऑस्ट्रेलियातले दोघं आहेत, आपल्याकडचा नाशिकचा एक जण आहे."

"मग त्यांनाही विचार," अलकनंदाबाई म्हणाल्या. "कदाचित तेच कमी बघत असतील."

वल्लरी सौम्यपणे म्हणाली, "विचारते." मग तिने आपलं कामही समजावून सांगितलं. मीराच्या सोबत्यामुळे तिच्या फुगण्या-आकसण्यात काही फरक पडतो का, हे ती शोधत होती. त्याकरता अनेक वर्षांचे आकडे लागत, आणि एखाद्या वर्षी मीरा खरंच नेहमीपेक्षा जास्त उजळली असेल तर ते महत्त्वाचं होतं. म्हणून खात्री करून घ्यावी लागत होती.

चूक निघाल्याचा अलकनंदाबाईंना राग नव्हता. नोकरीतही डॉक्टर कधी फोटो परत पाठवत आणि त्या दुसरा काढून देत. पण इथे दुसरा काढून देता येत नव्हता. मीरा मावळतीला लागली होती आणि काही दिवसांत सूर्याच्या उजेडात बुडाली.

उन्हाळा लागला. मोघ्यांकडे धुणंभांडी करायला मैनाबाई यायची. ती खैरलांजीकडची, आता मुलाजवळ बालाघाटात राहायची. कपडे ती धुवायची, पण गुणाकररावांच्या पांढऱ्या कुर्त्यांना नीळ घालायचं काम अलकनंदाबाई स्वतः करत. एक दिवस दोरीवर कुर्ते टाकताना मैनाबाई थांबली.

"बाई, एक गोष्ट बोलू का? राग नका मानू."

"बोल ना."

"तुमी सायबाचे कुर्ते निळे करून राह्यल्या."

"निळे कुठले? पिवळे पडलेत ते. म्हणून तर नीळ टाकते."

मैनाबाईने एक कुर्ता उन्हात धरला. "पिवये नाई हायेत बाई. पांढरेच होते. आता मले तं आभायावानी दिसून राह्यले. मागच्या सालापासून पाहून राह्यलो मी. कसं बोलाव म्हनून चूप होतो."

अलकनंदाबाईंनी तो कुर्ता हातात घेतला. त्यांना तो जेमतेम पांढरा दिसला. त्या आत गेल्या. गुणाकरराव पेपर वाचत होते, अंगात तसाच एक कुर्ता होता.

"हा कुर्ता कोणत्या रंगाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"फिका निळा," गुणाकरराव म्हणाले.

"सगळेच?"

"हौ."

"मग बोलला का नाहीत?"

गुणाकररावांनी पेपर खाली केला. "मला वाटलं, तुला तसे आवडून राहिले."

अलकनंदाबाई पलंगावर बसल्या. पांढरं आपल्याला पिवळं दिसतं, आणि ते पांढरं करायला आपण निळं घालतो. म्हणजे डोळ्यांपुढे पिवळी काच आली आहे. पिवळ्या काचेतून निळा उजेड अडतो आणि तांबडा तसाच पार होतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मीरा तांबूस. तिच्याशी ताडून बघायचे ते दोन्ही तारे पांढरे-निळसर. त्या काचेने ते दोन्ही मंद केले होते, आणि त्यांच्या मानाने मीरा उजळली होती.

"मोतीबिंदू असेल," त्या म्हणाल्या.

गुणाकररावांना वाटलं, ही माझ्या डोळ्यांबद्दल बोलतेय. "मला चांगलं दिसतं," ते म्हणाले.

गोंदियात डोळ्यांच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. धूसर करणारा प्रकार नव्हता. भिंगाचा मधला भाग पिकत पिकत तपकिरी होत गेला होता, म्हणून वाचायला फारसा त्रास झाला नव्हता आणि लक्षातही आलं नव्हतं. मे महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा अलकनंदाबाईंना डॉक्टरीणबाईंचा कोट इतका पांढरा दिसला की त्यांनी नजर खाली घेतली.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. एकदा डावा डोळा हाताने झाकत, एकदा उजवा. बाहेर कापलेल्या धानाची खुटं होती, वर आभाळ होतं. डाव्या डोळ्याने ते आभाळ जुन्या कागदासारखं, आणि उजव्याने निळं. समोर गुणाकरराव होते. त्यांचा कुर्ता डाव्या डोळ्याने पांढरा होता.

"हे कुर्ते आता घालू नका," त्या म्हणाल्या.

"का? चांगले आहेत की."

घरी आल्यावर काही दिवसांनी त्यांनी वल्लरीला फोन केला, सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "माझे या वर्षीचे आकडे काढून टाक. मागच्या वर्षीचेही. त्याच्या मागचे कुठपर्यंत बिघडलेत ते मला सांगता येणार नाही. तू ठरव."

वल्लरी म्हणाली, "काकू, दुसरा डोळा कधी करायचाय?"

"डॉक्टर म्हणतात दोन महिन्यांत."

"मला हे विचारायचा हक्क नाही. नाही म्हणालात तरी काही वाटून घेणार नाही मी. तो डोळा एक हिवाळा तसाच ठेवता येईल का? दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघितलंत तर फरक किती ते कळेल. मग तुमचे जुने आकडे टाकून द्यावे लागणार नाहीत. दुरुस्त करता येतील."

अलकनंदाबाई म्हणाल्या, "विचारून सांगते."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की घाई नाही, हिवाळा काढायला हरकत नाही. फक्त दोन डोळ्यांत फरक असेल तोवर पायऱ्यांचा अंदाज चुकतो, सांभाळा. गुणाकररावांना हे अजिबात पटलं नाही.

"त्या मुलीच्या कामासाठी तू आंधळी राहणार का?"

"आंधळी कुठे? एक डोळा नवा आहे ना."

"आणि पडली तर?"

"पडले तर पडले."

गुणाकररावांनी त्या दिवशी संध्याकाळचा चहा स्वतः करून घेतला, हे त्यांचं रागावणं होतं. मलाजखंडहून ज्योत्स्नाचाही फोन आला, तिलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं. अलकनंदाबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि ठरलं ते बदललं नाही. त्यांनी इतकंच सांगितलं की इतक्या वर्षांचं काम आहे, ते खोटं म्हणून पडून राहू नये.

पावसाळा गेला. ऑक्टोबरात मीरा पूर्वेला उगवायला लागली तेव्हा ती दुर्बिणीतही जेमतेम दिसत होती. नोव्हेंबरात एकदा छतावरून उतरताना अलकनंदाबाईंची शेवटची पायरी हुकली आणि घोटा मुरगळला. गुणाकररावांनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. त्यानंतर रोज संध्याकाळी ते आधी वर जाऊ लागले, टॉर्चवर लाल कागद लावून, आणि पायऱ्यांवर उजेड पाडत उभे राहू लागले.

वर गेल्यावर रिकामं बसवेना म्हणून आकडे मोबाइलमध्ये घालायचं काम त्यांनी घेतलं. वल्लरीने सांगितलं होतं की कोणता डोळा आधी, हे रोज बदलायला हवं, आणि पहिल्या डोळ्याचा आकडा दुसऱ्याच्या वेळी मनात राहायला नको. गुणाकरराव हे काम फार काटेकोरपणे करत.

"आज डावा आधी," ते म्हणत. मग आकडा टाकला की मुद्दाम दुसरं काही काढत. बाजारात मेथी काय भाव आहे, समोरच्या पवनने नवी मोटरसायकल घेतली ती कशी आवाज करते. थोडा वेळ गेला की म्हणत, "हं, आता उजवा."

"आधी किती सांगितलं मी?"

"ते तुला कशाला पाहिजे?"

डिसेंबरात मीरा नुसत्या डोळ्यांना दिसू लागली आणि फरक स्पष्ट झाला. डाव्या डोळ्याची मीरा दर वेळी उजळ होती. उजव्या डोळ्याने ती जरा मागे सरायची, आणि शेजारचा एक तारा, जो अलकनंदाबाईंना वर्षानुवर्षं साधा पांढरा वाटत आला होता, तो निळसर दिसायचा. पहिल्यांदा तो तसा दिसला तेव्हा त्यांनी गुणाकररावांना बोलावून विचारलं, "हा निळा आहे का?"

गुणाकररावांनी बराच वेळ पाहिलं. "थोडासा," ते म्हणाले.

जानेवारीत मीरा भरात आली. मागच्या फेब्रुवारीची ती उजळ मीरा अलकनंदाबाईंनी डाव्या डोळ्याने आणखी एकदा पाहिली. हुबेहूब तशीच होती. मग डावा डोळा झाकून उजव्याने पाहिलं. गुणाकररावांनी आकडे टाकले आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. गेल्या वर्षी मी शिरा केला होता."

"कधी?"

"आठवत नसेल तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि खाली निघाल्या. त्या रात्री त्या नेहमीपेक्षा लवकर झोपल्या. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते दोनतीन दिवस टिकलं.

मार्चमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तोवर वल्लरीकडे सगळे आकडे पोहोचले होते. दोन्ही डोळ्यांतला फरक आणि जुन्या वर्षांतला इतरांशी पडलेला फरक एकत्र मांडून तिने एक रेघ काढली. भिंग कधीपासून तपकिरी होऊ लागलं आणि दर वर्षी किती वाढत गेलं, ते त्यावरून अंदाजाने कळत होतं. अलकनंदाबाईंच्या निवृत्तीच्या थोडं आधीच ते सुरू झालं होतं. दुरुस्ती केल्यावर त्यांचे आकडे इतरांच्या आकड्यांत बसले. तो फेब्रुवारी साधा निघाला. मीरा त्या वर्षी नेहमीइतकीच उजळली होती.

"आणि तुझ्या सोबत्याचं काय?" अलकनंदाबाईंनी फोनवर विचारलं. "त्याचा काही परिणाम सापडला का?"

"नाही सापडला," वल्लरी म्हणाली. "म्हणजे नसेलच असं नाही. एवढ्या आकड्यांत दिसत नाही इतकंच. अजून बरीच वर्षं लागतील."

"बरं. पाठवत राहते."

गटाच्या नियमाप्रमाणे डोळ्यांचं भिंग बदललं की त्या निरीक्षकाचे आकडे नव्याने सुरू झाले असं धरतात. अलकनंदाबाईंच्या नावापुढे तशी एक खूण आली. त्या आता नव्या डोळ्यांनी बघतात आणि त्यांचे आकडे ठीक येतात. पांढऱ्या कुर्त्यांना नीळ मैनाबाई घालते.

गुणाकररावांचं मात्र त्या हिवाळ्यानंतर वर जाणं सुटलं नाही. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की पायऱ्यांवर उजेड धरायला जातो. मग एकदा अलकनंदाबाईंनी आकडा सांगितल्यावर ते म्हणाले, "मला तर त्याहून कमी वाटते."

"तुम्ही पण बघून राहिले का?"

"इतके दिवस उभा आहे तर काय करू?"

तेव्हापासून दोघांचे आकडे वेगवेगळ्या नावांनी जातात. ते क्वचितच जुळतात. जेवताना कधीकधी त्यावरून थोडी बोलाचाली होते, पण नियम असा केला आहे की दोघांनी पाठवून झाल्याशिवाय बोलायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गोंदियाला अलकनंदाबाईंची तपासणी होती, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गुणाकररावांचेही डोळे पाहिले. मोतीबिंदू नुकताच धरू लागलाय, म्हणाल्या, अजून चारपाच वर्षं तरी काही करायला नको. गाडीत बसल्यावर गुणाकररावांनी वल्लरीला फोन लावला आणि तारीख सांगून म्हणाले, "आजपासून माझ्या नावापुढे मोतीबिंदू लिहून ठेवा. पहिल्यापासून नोंद असलेली बरी."

मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि अलकनंदाबाईंना विचारलं की डब्यात काही खायला उरलंय का.